विलंबाचे व्याज

व्यापाऱ्यास मुदतीचे महत्त्व शिकवावे लागत नाही. हुंडीची मिती चुकली की पेढीची पत जाते, हे आपण बालपणापासून पाहत आलो आहोत. परंतु जेथे मुदत चुकली असता रकमेऐवजी माणूस जातो, तेथे मात्र आपण फार बेफिकीर असतो, असे आम्हांस अनुभवाने व दुःखाने म्हणावे लागते. ही बाब म्हणजे कर्करोगाच्या उपचारास होणारा उशीर. आम्ही वैद्य नव्हे, धान्याचे घाऊक व्यापारी आहोत. म्हणून येथे वैद्यकाची चर्चा करण्याचा आव आणीत नाही. दोन माणसांचे दिवस कोठे व कसे गेले, त्याचा जमाखर्च तेवढा सभासद बंधुभगिनींपुढे मांडावयाचा आहे.

पहिला हिशेब आमच्या दुकानावरील एका हमालाचा. खानापूर तालुक्यातील हा गृहस्थ आमच्याकडे बावीस वर्षे पोती वाहत होता. चुना-तंबाखूची सवय जुनी होती. एका जानेवारीत त्याच्या गालाच्या आतील बाजूस फोड आला. भाकरी तो एकाच बाजूने चावू लागला, चहा निववून पिऊ लागला. हे आम्ही गादीवर बसून पाहत होतो. फेब्रुवारीत तो म्हणाला, “अण्णा, दोन दिस सुट्टी द्या. तोंड दावून येतो.” तुरीची व हरभऱ्याची आवक जोरात होती. आम्ही म्हटले, “एवढी सुगी उरकू दे, मग खुशाल जा.” आणि औषधाच्या दुकानातून तोंडात लावावयाचे मलम आणवून दिले. आपण त्याची काळजी घेतली, असेच त्या वेळी आम्हांस वाटले होते.

एप्रिलअखेर तो गावी गेला. तेथील डॉक्टरने तोंडास लावण्यास औषध दिले. पुढे दात हलतो म्हणून कोणी तो दात काढला, जखम भरेना. असे दोन महिने गेले. जुलैत तुकडा काढून तपासणीस पाठविला. तो तुकडा, त्याचा अहवाल व पुढील छायाचित्रे यांत तीन आठवडे लागले. सरकारी योजनेत बसण्यास कागद पाहिजेत. रेशनकार्डावर एक नाव, आधारकार्डावर दुसरे. ती दुरुस्ती होण्यास आणखी तीन आठवडे. मोठ्या रुग्णालयात गर्दी अपार. शस्त्रक्रियेची तारीख सहा आठवड्यांनंतरची मिळाली. जानेवारीत वाटाण्याएवढा असलेला फोड सप्टेंबरअखेर अर्धा जबडा घेऊन गेला. पुढल्या वर्षी रोग मानेत उलटला व आषाढात तो माणूस गेला.

दुसरा हिशेब आमच्याच घरचा, आणि तो आमच्या थोरल्या वहिनींच्या अनुमतीनेच लिहीत आहोत. दशलक्षण पर्वाच्या उपवासांनंतर स्नान करताना त्यांच्या हातास स्तनात गाठ लागली. ती दुखत नव्हती. “दुखत नाही, तर काय होणार?” असे त्यांनी मनाशी ठरविले. घरात नातीचा विवाह माघात ठरला होता. सोयऱ्यांच्या कानी गेले तर काय, ही एक चिंता. पुरुष डॉक्टरापुढे कसे जावे, हा दुसरा संकोच. पाच महिने त्या बोलल्याच नाहीत. विवाहानंतर सुनेस सांगितले. तेव्हा आम्हा पुरुष मंडळींत शहाणपण सुचले की, सुई टोचली तर रोग पसरतो. आधी पुड्या घेऊन पाहाव्यात. त्यात दोन महिने गेले. दारात मोटार, तिजोरीत पैसा, शहरातच डॉक्टर, आणि तरी सात महिने! पुढे तपासणीपासून शस्त्रक्रियेपर्यंत अवघे सोळा दिवस लागले. वहिनी आज आपल्यात आहेत, ही जिनकृपा. परंतु रोग काखेतील गाठींपर्यंत गेला होता, म्हणून जो उपचार थोडक्यात आटोपला असता तो वर्षभर सोसावा लागला.

आता दोन्ही खाती शेजारी ठेवून पाहावीत. हमालाचे जवळजवळ आठ महिने गेले. त्यांतील सुमारे तीन रुग्णालये व कागदपत्रे यांच्या नावे, दोन चुकीच्या उपचारांच्या नावे, आणि आरंभीचे तीन घर व दुकान यांच्या नावे पडतात. त्या तिन्हींपैकी दोन तर सरळ आमच्या नावे आहेत. ते खोडता येत नाहीत. वहिनींच्या खात्यात रुग्णालयाचे सोळा दिवस आणि घरचे सात महिने. शहर व खेडे यांत भेद आहे तो एवढाच: पैशाने व अंतराने रुग्णालयातील विलंब कमी-अधिक होतो, घरातील विलंब मात्र श्रीमंतास व गरिबास सारखाच. लाज, भय, “होईल बरे” ही वृत्ती आणि सोयीची सबब यांस गाव-शहर ठाऊक नाही.

या विलंबाचे व्याज किती, याचाही हिशेब झालेला आहे. २०२० साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात ३४ अभ्यासांतील बारा लाखांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून असे दाखविण्यात आले की, शस्त्रक्रियेस चार आठवडे उशीर झाला तर मृत्यूचा धोका सुमारे सहा ते आठ टक्क्यांनी वाढतो. महिन्याचा हा दर कोणत्या सावकाराने लावला असता तर आपण त्याच्या ओट्यावर पाऊल ठेवले नसते! थप्पीतील एका पोत्यास ओल लागली तर आपण रात्री गोदाम उघडवून ते पोते बाहेर काढतो. सकाळची वाट पाहत नाही.

येथे आपल्या समाजातील एका विचाराविषयी नम्रपणे लिहिणे अवश्य वाटते. रोग म्हणजे असाता वेदनीय कर्माचा उदय, तो भोगलाच पाहिजे, असे म्हणून कित्येक जण स्वस्थ बसतात. कर्मसिद्धांताविषयी वाद घालण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु तत्त्वार्थसूत्रात बंधाची जी पाच कारणे सांगितली आहेत, त्यांत प्रमादही आहे. रोग कर्माने येत असेल. परंतु दिसत असून उद्यावर टाकणे हा प्रमाद आपला आहे. चार प्रकारच्या दानांत औषधदान सांगितले आहे, ते हातावर हात ठेवून बसण्यासाठी खचित नव्हे.

लवकर पाऊल उचलल्याने काय होते, याचे दाखलेही आहेत. बार्शी हे गाव आम्हा धान्यवाल्यांस तुरीच्या व ज्वारीच्या पेठेमुळे परिचित. तेथे नर्गिस दत्त यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आहे, आणि १९८७ साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या साह्याने भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी तेथेच सुरू झाली. कार्यकर्ते खेडोपाडी जात, लक्षणे समजावून सांगत, ज्याचा संशय येई त्यास तपासणीस धाडीत. थोड्याच वर्षांत गर्भाशयमुखाचा रोग असलेल्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्या. मुंबईच्या गरीब वस्त्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांचा असाच अभ्यास झाला. त्यांतील निम्म्या स्त्रियांची, शिरक्यातील आम्लाचा बोळा लावून, दर दोन वर्षांनी तपासणी केली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणे त्या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. ही तपासणी करणाऱ्या कोणी डॉक्टरीणबाई नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या, काही आठवडे शिक्षण दिलेल्या साध्या स्त्रिया होत्या.

आपल्या भागातही साधने वाढली आहेत. बेळगावात २०२५ च्या जानेवारीत के. एल. ई. संस्थेच्या कर्करोग रुग्णालयाचे उद्घाटन राष्ट्रपतींच्या हस्ते झाले. मिरज, कोल्हापूर व हुबळी येथेही कर्करोगावरील रुग्णालये आहेत. आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबास वर्षास पाच लाख रुपयांपर्यंत साह्य मिळते. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोग्यास व त्याच्या एका सोबत्यास रेल्वेभाड्यात सवलत आहे. परंतु ज्यास अर्ज लिहिता येत नाही त्यास ही साधने असून नसल्यासारखी. आणि अर्ज लिहिणे हे तर आपल्या दिवाणजींचे रोजचेच काम.

म्हणून असोसिएशनच्या सभासदांपुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, पंधरा दिवसांची मुदत प्रत्येक घरात व दुकानात पाळावी. तोंडातील फोड किंवा पांढरा-लाल चट्टा, तोंड कमी उघडणे, गिळताना अडथळा, स्तनात किंवा मानेत गाठ, आवाजात घोगरेपणा, यांपैकी काहीही पंधरा दिवसांत गेले नाही तर डॉक्टरास दाखवावे. गाठ दुखत नाही हे समाधान मानू नये. पाळी थांबल्यानंतरच्या रक्तस्रावास तर पंधरा दिवसही देऊ नयेत. तुकडा काढून तपासण्याने रोग पसरतो, हे भय सोडावे. त्यावाचून निदान होत नाही. दुसरी, हमाल, तोलणारे, गाडीवान यांच्यापैकी जो तपासणीस जाईल त्याची त्या दिवसाची मजुरी कापू नये, आणि सुगी आहे म्हणून त्यास थांबवू नये. तिसरी, प्रत्येक पेठेत एका सभासदाने कागदपत्रांचे काम अंगावर घ्यावे: नावांची दुरुस्ती, योजनेचा अर्ज, रेल्वेचा दाखला आणि परगावी उतरण्याची सोय. वर्गणीची थैली पुष्कळदा नंतर उभी राहते. हे काम आधीचे आहे.

आमच्या दुकानात दुसरी सूचना गेली चार वर्षे अमलात आहे. या काळात तीन माणसे तपासणीस गेली. दोघांच्या तोंडात साधाच फोड निघाला. तिसऱ्याचा चट्टा वेळेवर काढला गेला व तो आज पोती वाहत आहे. मजुरीचे जे चार दिवस बुडाले ते आम्ही दुकानखर्चास टाकले. ज्याचे दोन दिवस आम्ही वाचविले होते, त्याची रक्कम मात्र कोणत्या खात्यावर लिहावी, हे आम्हांस अद्याप कळलेले नाही. आमच्या बंधूंवर तशी पाळी येऊ नये, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.