व्हॅलेन्सिया येथील रेशमाचा व्यापारमंडप

मध्ययुगीन युरोपच्या वास्तुकलेचा विचार करताना अभ्यासकाची दृष्टी बहुधा प्रार्थनामंदिरे आणि दुर्ग ह्यांवरच खिळून राहते. व्यापाऱ्यांनी आपल्या व्यवहारासाठी उभारलेल्या वास्तू त्या मानाने उपेक्षित राहिल्या आहेत. स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरील व्हॅलेन्सिया नगरातील ‘लोन्जा दे ला सेदा’, म्हणजे रेशमाचा व्यापारमंडप, ही त्यांपैकी एक अग्रगण्य वास्तू होय.

पंधराव्या शतकात व्हॅलेन्सिया हे भूमध्य समुद्रावरील एक संपन्न व्यापारी नगर होते. सागरी व्यापारातील तंटे मिटविणारे व्यापाऱ्यांचे न्यायपीठ तेथे १२८३ पासून होते, आणि १४०७ साली नगरसंस्थेने एक सार्वजनिक पेढीही स्थापन केली होती. वाढत्या उलाढालीस साजेशी वास्तू हवी म्हणून १४८२ च्या सुमारास नव्या मंडपाचे काम हाती घेण्यात आले. पेरे कोम्प्ते हा त्याचा प्रमुख स्थपती. मुख्य दालन १४९८ मध्ये सिद्ध झाले. न्यायपीठाच्या भागाचे काम मात्र सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालू राहिले.

मुख्य दालन सुमारे ३६ मीटर लांब, २१ मीटर रुंद व १७ मीटर उंच आहे. आठ मुक्त स्तंभांच्या दोन ओळींनी त्याचे तीन भाग पडतात; भिंतींत गुंतलेले स्तंभ सोळा आहेत. दोराला पीळ द्यावा तसे हे स्तंभ पिळलेले असून माथ्याशी त्यांच्यापासूनच छताच्या कमानी चहूकडे फाकतात. ताडाच्या झाडांची राई पाहत असल्याचा भास तेथे होतो.

गॉथिक शैलीमुळे हे दालन म्हणजे प्रार्थनामंदिराचेच अनुकरण, असे प्रथमदर्शनी वाटण्याचा संभव आहे. परंतु एक भेद महत्त्वाचा आहे. प्रार्थनामंदिराची सारी रचना उपासकाची दृष्टी वेदीकडे नेते. येथे तिन्ही भागांची उंची सारखी असून दृष्टी कोणत्याही एका स्थानी स्थिरावत नाही. खरेदीदार आणि विक्रेता समान भूमीवर भेटावेत, ह्या गरजेला हीच रचना अनुरूप होती.

दालनाच्या भिंतींवरून, छताच्या खाली, सोनेरी अक्षरांचा एक लॅटिन लेख सर्व बाजूंनी फिरविला आहे. जो व्यापारी बोलण्यात कपट करीत नाही, दिलेला शब्द पाळतो आणि व्याजबट्ट्यासाठी धन लावीत नाही, त्याला संपत्ती व शाश्वत जीवन लाभेल, असा त्याचा आशय आहे. शेजारच्या मनोऱ्यात तळाशी प्रार्थनागृह आहे. वरच्या खोल्या दिवाळखोर व्यापाऱ्यांना कोंडण्यासाठी वापरीत, असे सांगतात. एकीकडे उपदेश आणि दुसरीकडे धाक! परदेशी व्यापाऱ्याशी करार करावयाचा तर विश्वास हेच खरे भांडवल असते, आणि त्या विश्वासाला येथे दगडाचे रूप देण्यात आले आहे. ह्याच मनोऱ्यातील जिन्याला मध्यस्तंभाचा आधार नाही. पिळलेल्या स्तंभांप्रमाणे तोही पाषाण घडविण्याच्या कौशल्याची साक्ष देतो.

पुढील काळात ह्या वास्तूने बरीच स्थित्यंतरे पाहिली. अठराव्या शतकात तर येथे सैन्याचा तळ होता. १९३१ मध्ये तिला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला आणि १९९६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा सूचीत तिचा समावेश झाला. राजसत्ता आणि धर्मसत्ता ह्यांच्याप्रमाणेच व्यापारी नगराची सत्ताही श्रेष्ठ वास्तुकलेची जननी होऊ शकते, हे ह्या मंडपावरून स्पष्ट होते.