पिस्तूल निवृत्त होत नाही

 शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट १ जून ही जन्मतारीख लिहिलेली मंडळी ५८ वर्षे पूर्ण करून ३१ मे रोजी सरकारी नोकरीतून बाहेर पडतात. पोलीस ठाण्यांत शाल-श्रीफळ होते, भाषणे होतात. त्याआधी साहेबांच्या कमरेचे पिस्तूल शस्त्रागारात जमा होते. क्रमांक जुळतो, काडतुसे मोजली जातात, सही होते.

शस्त्र अधिनियम, १९५९ मधले कलम ४५ सांगते की, शासकीय सेवकाने कर्तव्यासाठी बाळगलेल्या शस्त्राला हा कायदा लागूच नाही. त्या पिस्तुलाचा परवाना साहेबांकडे कधी नव्हताच. पद हाच परवाना. पद गेले की तेच पिस्तूल त्याच हातात बेकायदा ठरते. विकत घेण्याचीही सोय नाही, कारण ईशापूरच्या सरकारी शस्त्र कारखान्यात बनणारे ९ मिलिमीटरचे पिस्तूल प्रतिबंधित बोअरमध्ये (नळीच्या व्यासात) मोडते. अमेरिकेत मात्र निवृत्तीला स्वतःचेच पिस्तूल भेट मिळण्याची रीत बऱ्याच ठिकाणी आहे.

मला आपली रीत योग्य वाटते. बदलापूरच्या शाळेतल्या लैंगिक अत्याचार प्रकरणातला आरोपी २३ सप्टेंबर २०२४ रोजी पोलीस गाडीत गोळी लागून मेला. त्याने अधिकाऱ्याचे पिस्तूल हिसकावले, असे पोलीस म्हणाले. उच्च न्यायालयातले प्रश्न त्या पिस्तुलावरच आले: लॉक होते का, ठसे कोणाचे? सरकारी शस्त्राचा हिशेब असा गोळीगणिक द्यावा लागतो. ते कोणाच्या घरच्या कपाटात जाता कामा नये.

पण साहेब कपाट रिकामे ठेवून जगणार कसे? उल्हासनगरच्या कॅम्प म्हणवणाऱ्या वस्त्यांत ज्याला बेड्या घातल्या, तो सुटून त्याच बाजारात समोर येतो. शस्त्र नियम, २०१६ मध्ये पोलीस दलात सेवा केलेल्या व्यक्तीच्या खऱ्या गरजेचा विचार करण्याची तरतूद आहे. तरीही आयुक्तालयात अर्ज करून गरज पटवून द्यायची ती त्यानेच.

आणि परवाने कोणाला मिळतात? २ फेब्रुवारी २०२४ रोजी उल्हासनगरच्याच हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनातच गोळ्या सुटल्या. अटक झाली ती तेव्हाच्या आमदाराला; शस्त्र परवान्याचे होते. त्या दालनात बसणाऱ्या अधिकाऱ्याला उद्या निवृत्तीनंतर स्वतःसाठी प्रतिबंधित नसलेले .३२ चे रिव्हॉल्व्हर मागताना धोका सिद्ध करावा लागावा, हे मला पटत नाही.

पेन्शनचे कागद निवृत्तीच्या कितीतरी आधी हलू लागतात. त्याच फायलीत, निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्याने कोणाकोणाला आत घातले आणि त्यातले कोण बाहेर आहेत, याची यादी खात्यानेच जोडावी. पिस्तूल जमा करून घेतानाच परवान्याचा निर्णयही त्याच्या हाती पडायला हवा.