पाचशे वाचक, शंभर वस्तू आणि एक रात्र

न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर, बेचाळिसाव्या रस्त्याच्या कोपऱ्याशी दोन संगमरवरी सिंह बसलेले आहेत. त्यांच्यामागची भव्य इमारत म्हणजे न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीचं मुख्य ग्रंथालय. बहुतेक पर्यटक सिंहांसोबत फोटो काढतात, वरच्या मजल्यावरच्या वाचनकक्षाचं नक्षीदार छत बघतात आणि निघतात. ग्रंथालयाच्या पोटात काय दडलंय, याचा त्यांना पत्ताही लागत नाही.

तो लागावा म्हणून या ग्रंथालयाने आपल्या शताब्दीला एक खेळ मांडला. २० मे २०११ च्या रात्री पाचशे जणांना आत घेऊन दारं बंद करण्यात आली, ती थेट पहाटेपर्यंत. वय किमान अठरा हवं, अशी अट होती. ‘फाइंड द फ्यूचर’ हा खेळ जेन मॅकगोनिगल या खेळरचनाकार बाईंनी इतर सहकाऱ्यांसोबत तयार केला होता. संग्रहातल्या शंभर वस्तू शोधायच्या, फोनने त्यांच्याजवळचा कोड टिपायचा आणि मग त्या वस्तूवरून सुचवलेल्या विषयावर स्वतः काहीतरी लिहायचं. एरवी वाचकांना बंद असलेली, तळघरापासून वर चढत गेलेली पुस्तकांची मैलोगणती कपाटंही त्या रात्री खुली होती.

मला या खेळातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो लिहिण्याचा. उदाहरणार्थ, अमेरिकी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची थॉमस जेफरसनच्या हातची एक प्रत इथे आहे. अंतिम मसुद्यातून वगळलेला गुलामांच्या व्यापाराविरुद्धचा मजकूर या प्रतीत शाबूत आहे. नुसती काचेपलीकडून बघितली तर ती नुसती जुनी, पिवळी पडलेली कागदपत्रं. पण ‘आता तुमच्या देशासाठी तुमचा जाहीरनामा लिहा’ असं कुणी म्हटलं, की काय ठेवायचं आणि काय गाळायचं हा जेफरसनपुढचा पेच आपला होतो. सगळ्यांचं लेखन एकत्र करून त्याच रात्री त्याचं पुस्तक बांधलं गेलं आणि ते ग्रंथालयाच्या संग्रहात दाखल झालं. ग्रंथालयाने आपल्या वाचकांना लेखकांच्या रांगेत बसवलं, याहून मोठा मान तो कोणता!

इमारतीचा स्वतःचा इतिहासही तितकाच शोधण्याजोगा आहे. १८४२ पासून या जागी क्रोटन जलाशय होता. चाळीस-पन्नास फूट उंचीच्या दगडी भिंती आणि त्यांच्या आत शहराचं पिण्याचं पाणी. भिंतींच्या माथ्यावर लोक फिरायला येत. पुढे तो पाडला गेला आणि त्या जागी कॅरेर आणि हेस्टिंग्ज या वास्तुरचनाकारांच्या आराखड्यानुसार ग्रंथालय उभं राहिलं. २३ मे १९११ रोजी राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांच्या उपस्थितीत त्याचं उद्घाटन झालं. दुसऱ्या दिवशी दारं उघडली तेव्हा हजारोंची रीघ लागली आणि पहिलं पुस्तक वाचकाच्या हाती पडलं ते रशियन भाषेतलं. स्थलांतरितांच्या या शहराला ते शोभणारंच. पुढे फोटोकॉपीचं तंत्र शोधणाऱ्या चेस्टर कार्लसनने आपला अभ्यास याच ग्रंथालयात केला.

वाचनकक्ष सुमारे तीनशे फूट लांब आणि बावन्न फूट उंच आहे. २०१४ मध्ये छतावरचं एक प्लास्टरचं फूल निखळून पडलं, तेव्हा तपासणी आणि डागडुजीसाठी तो दोन वर्षांहून अधिक काळ बंद ठेवला गेला. एका फुलासाठी एवढा खटाटोप, असं कुणी म्हणेल. पण जपणूक अशीच करायची असते.

न्यूयॉर्कला जाणं झालं तर सिंहांपाशीच थांबू नका. प्रवेश विनामूल्य आहे. पायऱ्या चढणं जमत नसेल, चाकाची खुर्ची सोबत असेल, तर बेचाळिसाव्या रस्त्यावरच्या दाराने आत जाता येतं. आत गेल्यावर ‘साउथ कोर्ट’ या भागाची वाट विचारा. तिथे खाली जुन्या जलाशयाच्या पायाचे दगड आजही उघडे ठेवले आहेत, तेही पाहून या.