विकणे आहे : कोकणातले घर आणि आगर

‘विकणे आहे. रत्नागिरी जिल्ह्यात, रस्त्यालगत, ऐसपैस जुने कौलारू घर, बारमाही विहीर, नारळी-पोफळीचे आगर, आंबा-काजूची कलमे. एकूण क्षेत्र ४० गुंठे. टायटल क्लिअर. मध्यस्थ नकोत.’ अशा धर्तीच्या जाहिराती मराठी वृत्तपत्रांच्या छोट्या जाहिरातींच्या स्तंभात सहज आढळतात. ओळी तीन-चार असतात. पण विकणाऱ्याच्या दृष्टीने त्यांत पणजोबांपासूनची वास्तू असते आणि विकत घेणाऱ्याच्या दृष्टीने आयुष्यभराची शिल्लक. म्हणूनच अशा जाहिरातीतील प्रत्येक शब्दाचा अर्थ नीट समजून घेणे आवश्यक ठरते.

प्रथम ‘ऐसपैस घर’ म्हणजे काय, ते पाहणे योग्य होईल. कोकणातील जुने घर हे तेथील मातीतून आणि पावसातून घडलेले असते. जमिनीखालचा जांभा दगड खाणीतून काढून त्याचे चिरे पाडायचे आणि त्यांच्या जाड भिंती उभारायच्या, ही तेथील रीत. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यामुळे छप्पर उतरते असते आणि त्याची पाखे भिंतींच्या बरीच बाहेर येतात. पूर्वी छपरावर अर्धगोल नळे असत. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगलोर येथे कौलांचा कारखाना काढल्यानंतर चपटी मंगलोरी कौले हळूहळू सर्वत्र पसरली. घरापुढे सारवलेले खळे, मग पडवी, ओटी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, अंधारी बाळंतिणीची खोली आणि वर माळा, अशी साधारण रचना असते. मागीलदारी न्हाणी, गोठा आणि विहीर. विहिरीचे पाणी पाटाने आगरात खेळवलेले असते आणि आगराभोवती चुन्यावाचून रचलेला दगडी गडगा असतो.

असे घर विकायला का निघते? मुंबईत गिरण्या सुरू झाल्यापासून कोकणातील माणूस पोटासाठी बाहेर पडला. पुढे त्याची मुले-नातवंडे मुंबई, पुणे, बडोदे, इंदूर अशा शहरांत स्थिरावली. घर उघडते ते गणपतीला आणि शिमग्याला. एरवी ते बंद राहते आणि बंद घर कोकणच्या पावसाला फार काळ तोंड देऊ शकत नाही. दर वर्षी मृगापूर्वी घर शाकारावे लागते. दोन-तीन पावसाळे शाकारणी चुकली, की कौल सरकते, पाणी वाशात मुरते, वाळवी लागते आणि एखाद्या श्रावणात माजघराचे छप्पर खाली येते. मग कोणीतरी ‘विकून टाकू’ म्हणतो. त्यात लाजण्यासारखे काहीही नाही. पडलेल्या घरापेक्षा दुसऱ्याने नांदते ठेवलेले घर केव्हाही बरे. मात्र विकण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न भावनेपेक्षा कठीण असतो.

‘घर थोरल्या भावाच्या नावावर आहे’ असे कुटुंबात सहज म्हटले जाते. नावावर म्हणजे कोठे? शेतजमिनीचा सातबारा उतारा हा दोन गाव नमुन्यांचा मिळून बनलेला असतो : नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख आणि नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद. हा महसुलाचा कागद आहे. विरुद्ध पुरावा येईपर्यंत त्यातील नोंद खरी मानली जाते; परंतु केवळ सातबाऱ्यावर नाव लागल्याने कोणी मालक होत नाही आणि नाव नसल्याने कोणाचा हक्क बुडत नाही. कोकणातील अनेक सातबाऱ्यांवर तर सामाईक खात्यात दहा-पंधरा नावे असतात. त्यांतील निम्मी माणसे कधीच निवर्तलेली असतात. अशा वेळी प्रथम वारसांची नोंद करून घ्यावी लागते. गावठाणातील घराला सातबारा नसतोच. तेथे ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा नमुना आठ असतो. पण तोही कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नव्हे. ही उणीव भरून काढण्यासाठी केंद्र सरकारने २०२० मध्ये स्वामित्व योजना सुरू केली. तिच्यात ड्रोनच्या साहाय्याने गावठाणांची मोजणी करून घरमालकांना मिळकत पत्रिका दिल्या जातात.

वारसांच्या यादीतून बहुधा वगळल्या जातात त्या लेकी. हिंदू कुटुंबापुरते बोलायचे, तर १९५६ च्या वारसा कायद्यानुसार वडील मृत्युपत्र न करता वारले, तर त्यांच्या मालमत्तेत पत्नी, आई, मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा मिळतो. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मात्र जन्मतः हक्क फक्त मुलग्यांना असे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये तो अविवाहित मुलींना दिला आणि ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर, विवाहित असो वा नसो, प्रत्येक मुलीला दिला गेला. त्या दिवशी वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी कायदेशीरपणे झालेली विक्री किंवा वाटणी मात्र या कायद्याने रद्द होत नाही. इतर धर्मीयांचे वारसा कायदे वेगळे आहेत. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यामुळे विक्रीच्या कागदावर सामान्यतः पती-पत्नी दोघांचीही सही लागते.

एखादी बहीण स्वखुशीने वाटा सोडू शकते. त्यासाठी नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते. तोंडी ‘मला काही नको’ म्हणणे पुरेसे नाही. स्वखुशी हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. ‘सही केली नाहीस, तर माहेर तुटेल’ असे सुचवून घेतलेल्या सहीला खुशी म्हणता येणार नाही. अशी घाईने घेतलेली किंवा मुळीच न घेतलेली सही पुढे न्यायालयात निघते आणि त्या वेळी गोत्यात येतो तो पैसे मोजून बसलेला खरेदीदार.

समजा, एका भावाने आपला अविभक्त हिस्सा परस्पर परक्याला विकला, तर काय होते? एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरात असा हिस्सा घेणाऱ्याला इतरांबरोबर नांदण्याचा हक्क मिळत नाही, असे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा सांगतो. त्याने वाटणीचा दावा लावलाच, तर १८९३ च्या वाटणी कायद्याखाली घरातील हिस्सेदार न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला तो हिस्सा स्वतः विकत घेऊ शकतो. शिवाय वारशाने एकत्र मिळालेल्या मालमत्तेतील आपला वाटा एखादा वारस विकू लागला, तर तो आधी घेण्याचा अग्रहक्क १९५६ च्या कायद्याने सहवारसांना दिला आहे. स्वस्तात मिळणारा ‘एका भावाचा हिस्सा’ म्हणूनच बहुतेकदा महाग पडतो.

आता जमीन. जाहिरातीत ४० गुंठे म्हटले आहे. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट; ४० गुंठ्यांचा एक एकर होतो. सातबाऱ्यावर मात्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर ही मापे असतात. तेथे हेच क्षेत्र सुमारे ०.४०.४७ असे दिसेल. त्यात पोटखराबा किती, म्हणजे लागवडीस अयोग्य कातळ-ओढा किती, हेही पाहावे. गडगा हीच हद्द असे समजणे धोक्याचे आहे. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी करून घेतली, की अनेकदा नारळाची एखादी ओळ शेजाऱ्याच्या नकाशात निघते.

त्याहून मोठी अट खरेदीदाराविषयी आहे. घर गावठाणाबाहेर, शेतजमिनीच्या सातबाऱ्यात असेल, तर महाराष्ट्रात जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून बिगरशेतकऱ्याला ते घेता येत नाही. कोकण आणि पश्चिम महाराष्ट्रासाठी १९४८ चा कूळ कायदा लागू आहे. मराठवाड्यासाठी १९५० चा आणि विदर्भासाठी १९५८ चा. कर्नाटकाने हे बंधन २०२० मध्ये उठवले, हिमाचल प्रदेशात ते कडक आहे. तेव्हा ज्या राज्यात जमीन, तेथील नियम पाहावेत. ‘शेतकरी दाखला करून देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थापासून दूर राहणेच शहाणपणाचे, कारण कूळ कायद्याचा भंग करून झालेला व्यवहार अवैध ठरून जमीन सरकारजमा होऊ शकते. भोगवटादार वर्ग २ अशी नोंद असेल, तर विक्रीवर शासनाची बंधने असतात. ‘इतर अधिकार’ या रकान्यात बँकेचा बोजा किंवा कुळाचे नाव आढळू शकते. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कसणारी कुळे कायद्याने मालक मानली गेली; त्यामुळे जुन्या कुळाची नोंद किरकोळ समजून सोडून देता येत नाही.

‘रस्त्यालगत’ आणि ‘बारमाही विहीर’ या शब्दांचीही तपासणी हवी. रस्ता सरकारी आहे, की शेजाऱ्याच्या खळ्यातून जाणारी पाखाडी? विहीर एकट्याची आहे, की भाऊबंदांच्या पाळीची? एप्रिल-मे महिन्यांत प्रत्यक्ष जाऊन विहिरीत डोकावणे हा उत्तराचा सर्वांत स्वस्त मार्ग होय.

इतके झाल्यावर व्यवहाराची पायरी येते. साधारणपणे वकिलाकडून मागील ३० वर्षांच्या दस्तांचा शोध घेतला जातो आणि हरकती मागवणारी जाहीर नोटीस वृत्तपत्रात दिली जाते. विसार देऊन साठेखत केले, तरी केवळ त्याने मालकी मिळत नाही. मुद्रांक शुल्क भरून केलेले खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे लागते. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार १०० रुपये वा अधिक किमतीच्या स्थावराच्या विक्रीला नोंदणी सक्तीची असून, सही झाल्यापासून ४ महिन्यांच्या आत दस्त सादर करावयाचा असतो.

खरेदीखतानंतर तलाठ्याकडे फेरफाराची नोंद होते. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस दिले जातात आणि नंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. मग सातबाऱ्यावर नवे नाव येते. हस्तलिखित सातबाऱ्यात अशा वेळी जुन्या नावाला कंस करीत असत. अलीकडच्या संगणकीय नमुन्यात त्यावर आडवी रेघ मारलेली असते. रेघेखालचे नाव मात्र वाचता येते आणि ज्या फेरफाराने ते कमी झाले, त्याचा क्रमांकही तेथेच नोंदलेला असतो.