साखळी-करवत : वापरणाऱ्यांच्या अभिप्रायाची नोंद

नाशिक जिल्ह्यात निफाड-दिंडोरीकडे जुनी द्राक्षबाग काढताना, किंवा वादळात रस्त्यावर आडवे झालेले झाड हटविताना, कुऱ्हाडीची जागा आता पेट्रोलवर चालणाऱ्या साखळी-करवतीने (लोक तिला चेनसॉ म्हणतात) घेतली आहे. मात्र कोणती करवत घ्यावी, हा प्रश्न बहुधा विक्रेत्यालाच विचारला जातो!

मध्य प्रदेशात बुदनी येथे १९५५ साली स्थापन झालेली केंद्रीय संस्था कृषियंत्रांची चाचणी घेते. परंतु दोन पावसाळ्यांनंतर करवत कशी चालते, तिचा सुटा भाग सुरगाण्यात मिळतो की त्यासाठी नाशिक गाठावे लागते, हे वापरणाराच सांगू शकतो. हा अनुभव अवजारे बँकेत किंवा ग्रामपंचायतीत एका वहीत नोंदविला जावा.

अशा नोंदी विश्वासार्ह कशा राहतील? ग्राहकांच्या ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली आय. एस. १९००० हे मानक प्रसिद्ध केले. विकत घेतलेले अभिप्राय त्यास मान्य नाहीत. तेच तत्त्व वहीलाही लागू करता येईल. लिहिणाऱ्याने यंत्र खरोखर वापरले आहे याची खात्री करावी. विक्रेत्याचे उत्तर शेजारी नोंदवावे, पण प्रतिकूल मजकूर खोडू नये.

'चांगली' किंवा 'वाईट' एवढ्या शेऱ्याचा मात्र कोणास उपयोग नाही. किती तास चालविली, कोणते लाकूड कापले, दुरुस्तीसाठी किती दिवस पडून राहिली, हे विचारावे. 'करवत ओढत नाही' ही तक्रार पुष्कळदा यंत्राची नसतेच. धारदार साखळीतून लाकडाच्या कपच्या पडतात, बोथट साखळीतून बारीक भुसा. तसेच पेट्रोलमध्ये तेल उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात मिसळले होते काय, हेही पाहावे. ५० : १ प्रमाण असल्यास लिटरमागे २० मिलिलिटर तेल लागते. एवढे तपासल्याविना यंत्रास दोष देणे अन्यायाचे होईल.

संरक्षक साहित्याची नोंद तर अधिकच अगत्याची. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडास टेकला, तर करवत क्षणार्धात उसळून चेहऱ्याकडे येते. म्हणून साखळी थांबविणारा ब्रेक, जाळीचे शिरस्त्राण, कानांचे आच्छादन आणि कापले न जाणारी विजार आवश्यक ठरते. परंतु एप्रिलच्या उन्हात ती जाड विजार मजूर अंगावर ठेवतो, की फांदीला अडकवून कामाला लागतो? वहीत त्यासाठी स्वतंत्र रकाना असावा आणि तो मालकाने नव्हे, करवत चालविणाऱ्याने भरावा. त्यास लिहिता येत नसेल, तर ग्रामसेवकाने वा शिक्षकाने त्याच्या शब्दांत लिहून घ्यावा.