थंड मुलुखांतील गहूं व मातींतील जिवाणू

डाळीच्या बियाण्यास जिवाणू संवर्धक चोळून पेरणी करण्याची रीत आमच्या वाचकांस परिचित आहे. परंतु हिमालयाच्या उतारावरील शेतकऱ्यापुढें येथें एक निराळीच अडचण उभी राहते. मैदानांतील उबदार मातीचे जिवाणू थंडीनें गारठतात. बीं उगवूं लागतें त्या वेळीं त्याचे साह्यकर्तेच निजलेले असतात, व संवर्धकाचा खर्च वायां जातो.

कुमाऊंतील अल्मोडा समुद्रसपाटीपासून सुमारें १,६०० मीटर उंचीवर आहे. सभोंवतालचीं पायऱ्यापायऱ्यांचीं शेतें बहुतांशीं पावसावर अवलंबून. गहूं ऑक्टोबर-नोव्हेंबरांत पेरितात व पाठोपाठ थंडी पडते. गार मातींत मुळांची वाढ मंदावते, आणि स्फुरद जमिनींत असूनही पिकास पुरेसा मिळत नाहीं.

बोशी सेन यांनीं १९२४ सालीं कलकत्त्यास स्थापिलेली विवेकानंद प्रयोगशाळा पुढें अल्मोड्यास आली, व १९७४ पासून ती भारतीय कृषि अनुसंधान परिषदेकडे आहे. तेथील संशोधकांनीं या अडचणीवरील उपाय डोंगराच्या मातींतच शोधिला. ४ अंश सेल्सियस इतक्या थंडींतही वाढणारे स्यूडोमोनास आदि जिवाणू त्यांनीं निवडून काढिले. ते लाविलेल्या गव्हाचीं रोपें थंडींत अधिक जोमानें वाढलीं व त्यांनीं अन्नद्रव्यें अधिक घेतलीं, असें त्यांस आढळलें.

हे जिवाणू शीतप्रिय नव्हेत, शीतसह होत. ऊब त्यांसही मानवते; परंतु थंडींत ते काम सोडीत नाहींत. हिंवाळ्यांत तूप थिजतें पण गोडें तेल पातळ राहतें; त्याचप्रमाणें यांच्या पेशींच्या आवरणांतील स्निग्धांश थंडींत न थिजणारा असतो. ते आम्लें सोडून बद्ध स्फुरद विरघळवितात आणि मुळें वाढविणारें द्रव्य निर्माण करितात.

वापरण्याची रीत नेहमींचीच. बियाणें गुळाच्या पाण्यानें ओलवून संवर्धक हलक्या हातानें चोळावें, सावलींत सुकवावें व लागलीच पेरावें. बुरशीनाशक लावणें असल्यास तें आधीं लावावें. संवर्धक उन्हांत ठेवूं नये. त्यांत जीव आहेत. शेणखताची उणीव मात्र यानें भरून निघत नाहीं.

आमच्या मुलुखांत अशी थंडी नाहीं. तथापि बोध येथेंही लागू आहे. बियाणें घेतांना आपण तें कोणत्या जमिनीचें, हें विचारितों. संवर्धक घेतांनाही त्यांतील जिवाणू कोणत्या मातींतले व कोणत्या हवेंत पारखलेले, हें विचारावें.