हातात हात देणारी उपासना

बंगळुरूच्या जयनगरात राहणाऱ्या ज्या मराठी वाचकास ख्रिस्ती परंपरांचे वैविध्य जाणून घ्यावयाचे असेल, त्याला फार दूर जावे लागत नाही. होसूर रस्त्यालगतच्या धर्माराम महाविद्यालयात केरळच्या सीरो-मलबार कॅथलिक परंपरेतील पुरोहितांचे अध्ययन चालते, तर सेंट मार्क्स कॅथीड्रल हे ज्या दक्षिण भारतीय मंडळीचे आहे, ती अँग्लिकन, मेथॉडिस्ट, प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल पंथीयांनी २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासेत एकत्र येऊन स्थापिली. ज्यांना बिशपांचा अंमल परका होता त्यांनी तो पत्करला, आणि ज्यांना तो प्राणप्रिय होता त्यांनी इतर पंथांच्या धर्मोपदेशकांवर पुनर्दीक्षेची सक्ती केली नाही. हा तह मला असामान्य धैर्याचा वाटतो.

या मंडळीच्या प्रभुभोजनविधीत शांतिदानाचा जो दस्तूर आहे, तो केरळच्या प्राचीन सुरियानी ख्रिस्त्यांकडून आलेला : देणारा आपला उजवा तळवा घेणाऱ्याच्या उजव्या तळव्यावर ठेवतो, आणि दोघेही आपापला डावा हात परस्परांच्या उजव्या हातावर मिटून घेतात. पुढे पाश्चात्य मंडळ्यांनीही आपल्या उपासनेत शांतिदानाचे पुनरुज्जीवन केले, याचे मला मोठे अप्रूप वाटते.

महाराष्ट्रातील बऱ्याच प्रोटेस्टंट मंडळ्या ज्या उत्तर भारतीय मंडळीत आहेत, तिची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरास झाली. तीत बॅप्टिस्टही सामील असल्याने बाप्तिस्मा शैशवात द्यावा की सज्ञानपणी घ्यावा, हा जुना विकट वाद दोन्ही रीतींना मंजुरी देऊन मिटविण्यात आला.